बॉनेटचा ताप

मेकनेस शहरात डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीमध्ये बूश्ता हा मनुष्य अत्यंत निष्णात समजला जात असे. लोक त्यास आदरपूर्वक 'मअल्लम', अर्थात उस्ताद, असे संबोधीत. तथापि त्या मंगळवारी त्याच्या नावलौकिकाची कसोटी होती. त्याने स्वहस्ते दुरुस्त केलेली मीमूनची जुनी डिझेल टॅक्सी धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली होती, आणि परवान्याची मुदत त्याच सायंकाळी संपत होती.

"मअल्लम, तुमचा हात म्हातारा झाला," मीमून कुरकुरला.

"हात ठणठणीत आहे. डिझेल फवारणारे नॉझल मी स्वतः साफ केलेत. ही गाडी धूर ओकणार नाही म्हणजे नाही! चल, आज मीच येतो."

तपासणी केंद्रासमोर बावीस गाड्यांची रांग होती. येताच मीमूनने इंजिन बंद केले. पुढील गाडी सरकली, की तो उतरून खांद्याने टॅक्सी ढकलीत असे. टॅक्सीथांब्यावर सर्वच चालकांचा हा परिपाठ होता. उभ्या गाडीत डिझेल जाळणे त्यांच्या लेखी पापच. सवयीने बूश्तानेही खांदा लावला. असे भर उन्हात दोन तास व्यतीत झाले.

अखेर तपासनीस इक्राम धूर मोजण्याची नळी घेऊन आली. "इंजिन गरम आहे ना?" तिने नियमाप्रमाणे विचारले.

मीमूनने बॉनेटवर तळहात टेकवून झटकन उचलला आणि तिला 'लल्ला', अर्थात बाईसाहेब, असे आदराने संबोधून म्हणाला, "लल्ला, भाकरी भाजून घ्या!"

तत्क्षणी बूश्ताच्या अंतःकरणात लख्ख प्रकाश पडला. त्याने बॉनेट उघडून इंजिनाला हात लावला. ते केवळ कोमट होते.

"बॉनेट उन्हानं तापलंय रे गाढवा, इंजिनानं नाही! थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, त्याचीच काजळी होते. मागच्या दोन्ही वेळी काय सांगितलंस?"

"हेच... भाकरीचं."

इक्रामने हसू दाबले. "धुराची मर्यादा अडीचची, मागचा आकडा तीन पॉइंट चार. आम्ही पाचला बंद करतो, मअल्लम."

"पाचच्या आत येतो, लल्ला. आकडा दोनच्या खाली असेल, लिहून ठेवा."

बूश्ताने इंजिन सुरू करून गाडी रांगेबाहेर काढली. मागून हम्मू चालक ओरडला, "डिझेल काय विहिरीतून उपसता?"

"जागा राख, हम्मू! काजळी जाळून येतो."

शहराबाहेरील झरहून डोंगराच्या चढावर त्याने टॅक्सी खालच्या गियरमध्ये अर्धा तास पिटाळली. प्रथम मागे काळा लोट उठला, नंतर तो विरळ होत गेला, आणि शेवटी टॅक्सीची धुराची नळी स्वच्छ श्वास सोडू लागली. परत आल्यावर त्याने इंजिन क्षणभरही बंद केले नाही.

इक्रामच्या खुणेसरशी त्याने पेडल तळाशी दाबले. यंत्रावर आकडा उमटला: एक पॉइंट सहा. कागदावर शिक्का बसला.

टॅक्सीथांब्यावर पोचताच मीमूनने इंजिन बंद केले आणि उतरून गाडीला खांदा लावला.

"मअल्लम, या की!"

"तू ढकल," बूश्ता सीटवर ऐसपैस रेलला. "आज मी तुझी अक्कल ढकलली, तेवढं पुरे झालं."