शेवटच्या रांगेतला हात

जळगावच्या सभागृहात नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शोकसभा होती. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले.

"प्रज्ञा, मव्हरे ये ना! खुर्ची रिकामी शे," झुंबरआत्याने पुढून हाक मारली. मी मान हलवली. "बापसारखीच मांगे बसनी!" ती शेजारणीला म्हणाली.

नाना मुंबईच्या नाट्यशाळेच्या पहिल्या तुकडीतले. त्यांच्या गावचे, पारोळ्याचे, उच्चार रंगमंचावर चालणार नाहीत म्हणून संस्थापकांनी त्यांना तालमीत मागे बसवलं. तिथे नानांनी शेतातली रीत नेली. या बांधावरची हाक त्या बांधावर पोचली नाही, तर तिकडच्याने हात वर करायचा. तालमीत शेवटच्या रांगेतून हात दिसला की नटाने वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. कारण विचारायचं नाही. पुढे नाना तिथेच 'सुपडू सर' म्हणून शिकवू लागले आणि सगळ्या तुकड्या त्या हातापुढे घडल्या.

ललित सर त्यांचेच विद्यार्थी. शाळेचा इतिहास त्यांनी लिहिला होता. पुस्तक सोमवारी छपाईला जाणार होतं आणि त्यात ही पद्धत संस्थापकांच्या नावावर होती. मी फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "ताई, शाळेत सगळे तसंच सांगतात. तुमच्याकडे पुरावा आहे का?"

नव्हता.

आता ते माईकसमोर आले. खिशातून पान काढलं. "श्रद्धांजली म्हणून इतिहासातला एक उतारा वाचतो. शेवटच्या रांगेची पद्धत आमच्या संस्थापकांनी शोधली आणि..."

मी हात वर केला.

ललित सर थांबले. विचार करायला त्यांना वेळच मिळाला नसावा. त्यांनी श्वास भरून घेतला, आवाज चढवला आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हटलं.

मी हात तसाच ठेवला. लोक वळून पाहू लागले. आत्याचा पदर तोंडाशी गेला.

"माईक वाढवा रे जरा," कुणीतरी ओरडलं.

शेवटच्या आजारात नानांना ऐकू कमी यायचं. आम्ही कुजबुजलो की पांघरुणातून हात वर यायचा. माझा दंड भरून आला होता.

ललित सरांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पान दुमडलं. माईकपासून दूर झाले.

"शेवटच्या रांगेची पद्धत," ते नुसत्या आवाजात म्हणाले, "सुपडू सरांनी आणली. पारोळ्याहून." त्यांनी पान खिशात टाकलं. "पुस्तकातही तसंच छापलं जाईल."

मी हात खाली घेतला.