काजळीचा डोळा

सगळी गल्ली तिला गुलाबआजी म्हणायची, पण गुलाबआजीच्या गुलाबांना खत कोण घालतं हे गल्लीत कुणी कधी विचारलं नाही. फाटकापासून मागच्या दारापर्यंत कुंड्याच कुंड्या होत्या. देठाला एकच टपोरं फूल देणारे गुलाब, झुपक्याने फुलणारे गुलाब, भिंतीवर चढवलेले वेलगुलाब, खिडकीत बसवलेले बटणगुलाब. आल्यागेल्याला आजी एकेकाची कुळकथा रंगवून सांगायची. तिची सून तेव्हा मागे मातीत हाडांचा चुरा कालवत असायची, नाहीतर पानांवरचा मावा बोटांनी पुसत असायची. पाहुणे तिच्याकडे बघून हसायचे आणि आणखी थोडा चहा मिळेल का विचारायचे.

सून दिवसभर कपड्यांच्या दुकानात उभी असायची आणि संध्याकाळी घरी येऊन कुंड्यांपुढे वाकायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला गुलाबातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता मात्र कुठलं झाड गुडघ्याएवढं छाटायचं, वेलाच्या नुसत्या बाजूच्या फांद्या का कापायच्या, पानांवर पांढरी पूड धरणारी भुरी आधी कुणावर उतरते, हे सगळं तिच्या हातात बसलं होतं. एकच गोष्ट सासूने तिला शिकवली नव्हती, ती म्हणजे डोळा भरणं. पानाच्या बेचक्यात जो बारीक कोंब असतो, तो डोळा. तो सालीसकट काढायचा, जंगली गुलाबाच्या खुंटाला चीर देऊन त्या सालीत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. नेमकी त्याच वेळी सासूला तहान लागायची. सून पाण्याचा तांब्या घेऊन परत येईपर्यंत पट्टी बांधून झालेली असायची.

त्या सगळ्या पसाऱ्यातलं सुनेला एकच झाड हवं होतं. सासू त्याला काजळी म्हणायची. रंग लाल, पण इतका गडद की सावलीत काळाच वाटावा, आणि वास असा की एक फूल तोडून आणलं तरी घर भरून जायचं. झाड जुनं होतं, खोड आतून पोखरलं होतं. सुनेने त्याचं कलम एकदाच मागितलं होतं. सासू म्हणाली, "बघू." त्या एका 'बघू'वर सुनेने अर्धा संसार काढला.

पुढे सासूचे पाय सुजायला लागले आणि आता हिचं सगळं आपल्यालाच करावं लागणार हे सून समजून चुकली. त्याच सुमारास सासूची लेक माहेरी आली, तेव्हा सासूने काजळीचं एक कलम बांधून तिच्या हातात दिलं. आठवडाभराने सुनेला हाक मारली. समोर दुसरा खुंट होता, शेजारी काजळीची ताजी फांदी. सासूला तहान लागली. सून पाणी घेऊन आली तर पट्टी बांधून तयार.

"ही तुझी," सासू म्हणाली. "फूल येईपर्यंत पट्टी सोडायची नाही. नाजूक जात आहे."

सुनेला भरून आलं. सासूचा मातीने माखलेला हात तिने कितीतरी वेळ हातात धरून ठेवला.

सासू अंथरुणाला खिळली तशी सुनेने दुकानातली नोकरी सोडली. उठवणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं, चादरी धुणं, कशातच तिने कसर ठेवली नाही. कुंडी पलंगासमोरच्या खिडकीत होती. सुनेला यायला जरा उशीर झाला की सासू बोट कुंडीकडे करायची. त्याच उन्हाळ्यात काजळीचं मूळ झाड वाळून गेलं आणि सून त्या कुंडीला आणखीच जीव लावू लागली.

कुंडीतला फुटवा पट्टीच्या खालून आला होता. काटे जवळजवळ नव्हतेच. एकेका पानात पाचाऐवजी सात-सात पाती. असला फुटवा दुसऱ्या कुंडीत दिसला असता तर तिने मागचापुढचा विचार न करता ओरबाडून काढला असता, कारण तो खुंटाचा असतो, कलमाचा नाही. पण ही तिची कुंडी होती. जातच वेगळी असेल, असं म्हणून तिने कानाडोळा केला.

सासू गेली आणि पुढच्या छाटणीनंतर फूल आलं. पांढरी, नखाएवढी फुलं, झुपकाभर, वासाच्या नावाने शून्य. सुनेने पट्टी सोडली. खालची साल आरशासारखी गुळगुळीत होती. सुरीचा ओरखडासुद्धा नव्हता.

नवरा म्हणाला, "म्हातारीचे हात कापत असतील, जमलं नसेल तिला." सुनेला ते पटवून घ्यायचं होतं. म्हणून ती नणंदेकडे गेली. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मागे काजळी फुलली होती. खोडावर भरून आलेली चीर स्वच्छ, सरळ, हात जराही न कापता दिलेली.

"मी विचारलं होतं आईला, तुला नुसती पट्टी का बांधून दिली म्हणून," नणंद टॉवेल काढत म्हणाली. "तर म्हणते, खरं कलम दिलं की ती माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. मला वाटलं, जाण्याआधी सांगितलं असेल तुला."

सून कठड्याला धरून उभी राहिली. फुलाचं तिला काहीच वाटलं नाही. कुंडी नसती तरी तिने सगळं केलंच असतं, त्याच हातांनी, तसंच. एका घरात इतकी वर्षं काढून सासूला तिच्याबद्दल एवढंही कळलं नव्हतं, आणि आता भांडायला सासू नव्हती.

नणंदेने कात्री पुढे केली. हव्या तेवढ्या फांद्या घेऊन जा, इथे नुसत्या मुंग्या होतात, म्हणाली.

"नको," सून म्हणाली. "मला डोळा भरता येत नाही."

घरी येऊन तिने ती पट्टी खुंटावर होती तिथे पुन्हा बांधली आणि कुंडी फाटकाशी, सगळ्यांच्या पुढे ठेवली. बाकीचे गुलाब ती अजून निगुतीने सांभाळते. येणारीजाणारी थांबून विचारतात, गुलाबआजीच्या दारात हे जंगली काय वाढवलंय? सून हातातलं काम न थांबवता सांगते, "सासूबाईंनी दिलंय. खास माझ्यासाठी, त्यांच्या हाताने बांधून."