सरदार पेंटरची दोरी

धुळ्याजवळ महामार्गाला लागून सरदार पेंटरची पत्र्याची शेड आहे. मालट्रकच्या मागच्या फाळक्यावर फुलं, पाखरं आणि अक्षरं काढणारे पेंटर पुष्कळ, पण सरदारचा तोरा वेगळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फुटांची रेघ तो डावा डोळा मिटून नुसत्या हातानं ओढतो. बाकीचे काय करतात, तर निळीत बुडवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची, आणि पत्र्यावर उमटलेल्या खुणेवरून ब्रश फिरवायचा. सरदारच्या शेडमध्ये दोरीला बंदी. "दोरी ज्याला लागते त्यानं खाटा विणाव्यात," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, आणि ऐकवताना मिशीवरून हात फिरवायचा.

त्याच्या पोराचा, हसीबचा, हात तर बापाच्याही वर. तो जन्मला तेव्हा मुलगी झाली म्हणून घरात मिठाई वाटली होती. आपण मुलगा आहोत हे त्यानं विसाव्या वर्षी आईबापांना सांगितलं, नाव स्वतः निवडलं, कागदपत्रं बदलून आणली. आता तो सव्वीस वर्षांचा होता आणि दोन वर्षांपासून जळगावच्या डॉक्टरांकडे स्वतःच्या कमाईतून टेस्टोस्टेरॉनचे उपचार घेत होता. दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. आवाज फुटला, गालावर लव दिसायला लागली. सरदारला पोराचा अभिमान होता, उगाच नाही कशाला म्हणा. पण तो अभिमान उंबऱ्याच्या आतला. बाहेर कुणी खोदून विचारलं की "आमचा हसीब" एवढं म्हणून तो रंगाचा डबा ढवळायला लागायचा.

पण हसीबचं दुसरंच एक बिंग फुटलं ते योगराजभाऊंच्या ट्रकवर. पारोळ्याचे योगराजभाऊ सावद्याहून केळी भरून उत्तरेला न्यायचे आणि गाडी रंगवायची तर सरदारकडेच. हसीबनं ओढलेल्या पिवळ्या रेघेपुढे ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"सरदारभाऊ, बठ्ठं काम झकास शे. पण ही रेघ वाकडी शे ना!"

सरदार हसला. हसीबची रेघ आणि वाकडी? मग त्यानं मान तिरकी करून पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. बरोबर मधोमध रेघ हरभऱ्याच्या दाण्याएवढी वर उचलली होती.

योगराजभाऊ चहाला गेले. ती रेघ पुसायला टर्पेंटाइन हवं म्हणून सरदारनं हसीबची पेटी उघडली, तर तळाशी निळीनं माखलेली दोरीची गुंडी. दारूची बाटली सापडली असती तरी त्याला एवढा धक्का बसला नसता.

"हे काय?"

हसीबनं मान खाली घातली. "अब्बा, महिना झाला, उजव्या डोळ्यासमोर करडा डाग आहे. सरळ असेल ते मध्ये वाकडं दिसतं. तुम्ही नसताना एक टोक फाळक्याच्या कडीला बांधून दोरी मारायचो. आज तुम्ही समोर होतात, म्हणून अंदाजानं ओढली."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही. डॉक्टर औषधं विचारणार, इंजेक्शन बंद करा म्हणणार." त्यानं पेटीचं झाकण ओढून लावलं. "डोळा गेला तर दुसरा आहे, अब्बा. इंजेक्शन बंद झालं तर मी काय करू?"

सरदारला शिव्या द्यायच्या होत्या, पण हातात ती दोरी होती. पोरगं लपवायला शिकलं कुणाकडून? आधार लागणं म्हणजे नाक कापलं जाणं, हे या शेडमध्ये कोण ओरडून सांगत होतं? त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो हसीबला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. सारिका डॉक्टरांनी चौकटींचा कागद समोर धरला. हसीबनं डावा डोळा मिटला. मधल्या चौकटी फुगलेल्या दिसत होत्या. यंत्रावर तपासल्यावर त्या म्हणाल्या, "डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय. काही औषधं, इंजेक्शनं सुरू आहेत?"

"नाही," हसीब म्हणाला.

दार उघडं होतं. बाहेर बाकांवर माणसं बसली होती, त्यात दोन ओळखीचे ड्रायव्हर. सरदार उठून उभा राहिला.

"डॉक्टरबाई, खोटं बोलतोय. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतो. जन्मला तेव्हा लोकांनी मुलगी म्हटलं, पण हा माझा मुलगा आहे. धुळ्यात याच्यासारखी रेघ कुणाची नाही. लिहा फाइलवर, आणि बारीक लिहू नका!"

बाकांवरच्या माना आत वळल्या. सरदारनं तिकडे वळून पाहिलं, आणि नजर काढली नाही.

डॉक्टरांनी लिहिलं. "इंजेक्शनमुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण ते घेणाऱ्या काहींना असा त्रास झालेला दिसलाय. किती दिवसांनी घेतोस?"

हसीब चप्पल पाहायला लागला. "सांगितलंय तीन आठवड्यांनी. मी दोन आठवड्यांनी घेत होतो. मिशी लवकर यावी म्हणून."

सरदारचा हात मिशीवर होता, तो त्यानं हळूच खाली घेतला.

"मनानं वाढवायचं नाही आणि मनानं बंदही करायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जळगावला पत्र देते, रक्त तपासून किती घ्यायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. हे पाणी बऱ्याचदा आपोआप ओसरतं. तीन महिने लक्ष ठेवू."

जळगावला रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन हवं त्यापेक्षा बरंच वर गेलं होतं. मात्रा कमी झाली, इंजेक्शन पुन्हा तीन आठवड्यांवर आलं, पण उपचार सुरू राहिले. येताना एसटीत हसीब खिडकीशी बसून पारोळ्यापर्यंत गुणगुणत होता.

योगराजभाऊ रेघ नव्यानं करून घ्यायला आले, तेव्हा शेडपुढे चार गाड्या उभ्या होत्या आणि चहावाल्याकडे गर्दी होती. सरदारनं सगळ्यांसमोर दोरी काढली, निळीत बुडवली, एक टोक हसीबच्या हाती दिलं आणि दुसरं स्वतः फाळक्यावर दाबून धरलं.

"सरदारभाऊ, तुमना हातमा दोरी?" योगराजभाऊंच्या हातातला चहा तसाच राहिला.

"माझ्या मुलाचा डोळा आजारी आहे," सरदार मोठ्यानं म्हणाला. "तो बरा होईस्तोवर इथं दोरी चालेल. बरा झाल्यावर ज्याला लागेल त्यानं वापरावी. मार रे हसीब!"

हसीबनं दोरी चिमटीत उचलून सोडली. आठ फुटांची निळी खूण उमटली आणि त्याचा ब्रश तिच्यावरून एका दमात या टोकाहून त्या टोकाला गेला. सरदारनं सवयीनं मिशीवरून हात फिरवला. अख्खी मिशी निळी झाली. सगळे हसले, हसीबही हसला, पण सरदार ती पुसायला काही गेला नाही.