वडखळचा थांबा

शौनक वाईट माणूस असता तर मला फार सोपं गेलं असतं. मनसोक्त शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण तो पेणचाच, माझ्याच शाळेतला, दोन वर्षं पुढे. आणि आमच्या संस्थेची गाडी वडखळला थांबत राहावी असं त्यालाही मनापासून वाटत होतं. त्याला ते फक्त कागदावर सिद्ध करायचं होतं, आणि तिथेच सगळं फसलं.

गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. पोपटदादा ती चालवायचे, मी मागे सामान सांभाळत बसायचे. नाक्याच्या अलीकडे जिथे ट्रक थांबतात, त्या ढाब्यांच्या मागे आम्ही दुपारी उभे राहायचो. तिथे धंदा करणाऱ्या बायका यायच्या, कंडोम न्यायच्या. त्यातल्या ज्या नशेचं इंजेक्शन टोचून घ्यायच्या, त्या जुन्या सुया डब्यात टाकून नव्या घेऊन जायच्या. वर्षातून दोनदा प्रत्येकीची एचआयव्हीची तपासणी व्हायची. मी समुपदेशक, असं नेमणूकपत्रात लिहिलंय; खरं काम गप्पा मारायचं. नशा सोड असं मी कुणाला पहिल्या भेटीत सांगत नसे. सांगितलं की बाई पुन्हा फिरकत नाही.

पुतळी या सगळ्यांची पुढारी. कासूच्या बाजूची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. नाक्यावर कशी आली ते ती दर वेळी वेगळं सांगायची आणि मी दर वेळी खरं मानायचे. सुई तिची सुटत नव्हती, पण दुसरीची वापरलेली सुई तिने कधी घेतली नाही. तपासणीचा निकाल निगेटिव्ह आला की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, "पास झाले गो मी!" शाळेची पायरी न चढलेल्या बाईला त्या निकालाचा भलताच तोरा होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

मग पैसे देणाऱ्या मुंबईच्या संस्थेने कळवलं, की वडखळची गाडी आणि आमचंच रोह्याचं सुया देणारं केंद्र दोन्ही चालवणं जमणार नाही. रोह्याला टोचून घेणारे पुरुष पुष्कळ यायचे, वडखळला बायका मोजक्या. कुठे किती खर्च होतो आणि त्यातून किती जणांची लागण टळते, याचा हिशेब मांडायला त्यांनी शौनकला नेमलं.

"घाबरू नकोस," तो मला म्हणाला. "धंदाही करते आणि सुईही घेते अशी बाई म्हणजे दुहेरी धोका. ती वाचली की तिची गिऱ्हाइकं वाचतात, त्यांच्या घरच्या बायका वाचतात. अशा बायका तिथे पुरेशा आहेत एवढं दिसलं की गाडी राहिली. हिशेब आपल्याच बाजूने आहे, समीक्षा."

फक्त बायकांशी तो एकटा बोलणार होता. मी तिथे थांबायचं नाही आणि काय उत्तर द्यायचं ते आधी पढवायचं नाही, हा नियम. मी नियम पाळला. आमची गाडी कशी चालते ते बघायला साहेब येणार आहेत, एवढंच पुतळीला सांगितलं.

आमच्याकडे पाहुणे यायचे म्हटले की अंगण झाडतात, वाळत घातलेलं काढतात, पोरांची नाकं पुसतात. पसारा असेल तो आतल्या खोलीत ढकलून दार लावून घेतात. पुतळीने तेच केलं. शौनक आला त्या दुपारी सगळ्या जणी धुतलेल्या साड्या नेसून, केस चापून, चहाच्या टपरीमागे ओळीने बसल्या होत्या. एकीनेही सकाळपासून सुई घेतली नव्हती. नमिता त्यांच्यात सगळ्यात लहान. तिचे हात थरथरत होते, म्हणून पुतळीने तिला अगदी टोकाला बसवलं होतं. मी लांब, गाडीपाशी उभी. मला वाटलं, बिचाऱ्या साहेबाला मान देतायत.

शौनक परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "समीक्षा, तुझं काम फारच चांगलं झालंय गं," तो म्हणाला. "सगळ्यांनी सोडलंय. एकही टोचत नाही आता."

"काय?"

"मी उलटसुलट विचारून पाहिलं. सुया कुणासाठी नेता म्हटलं, तर म्हणाल्या गिऱ्हाइकांसाठी."

मी तशीच पुतळीकडे गेले. ती नुसती फुलली होती. "कसं केलं? एकीनंबी तुजं नाव खराब केलं नाय. सायबाला सांगितलं, आमच्या ताईनं सोडवलं सगल्यांचं."

"अगो, कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगाया कशाला पायजे? तू आमच्यासाठी येवढी मरतंस. तुज्या सायबापुढं आमी घाण दाखवू?"

तिला थोबाडावं की मिठी मारावी, मला कळेना. मग टोचणाऱ्या बायका दिसल्या तरच गाडी राहणार होती, हे मी तिला समजावून सांगितलं. ती तशीच धावत शौनकच्या मोटारीपाशी गेली. "सायब, आमी खोटं बोललो. टोचतो आमी. मी रोज टोचते. लिवा."

शौनकने वही उघडलीसुद्धा. मग मिटली. "ताई, गाडी कशावर अवलंबून आहे ते आता तुम्हाला माहीत झालंय," तो हळू आवाजात म्हणाला. "आता दिलेलं उत्तर मला धरता येत नाही. माझ्यावरचे लोक ते पहिल्यांदा खोडतील." मी त्याच्याशी भांडले. डब्यातल्या जुन्या सुया दाखवल्या. तो म्हणाला, सुईवर बाईचं नाव नसतं. खोटं काहीच बोलत नव्हता, हाच माझा संताप.

गाडी बंद झाली. पोपटदादांना घरी बसवलं, मला रोह्याच्या केंद्रात टाकलं. बायकांनी सुया तिथे येऊन घ्यायच्या असं ठरलं. ठरवणाऱ्यांनी नकाशात पाहिलं असणार, रेल्वे आहे, लांबही नाही. पण रोह्याला जाऊन यायचं म्हणजे दिवसाचा धंदा बुडतो. शिवाय केंद्रात सगळे पुरुष. बाई आत शिरली की माना वळायच्या. नमिता एकदा आली ती दारातूनच परत गेली. पुतळी मात्र कासूला रेल्वेत बसून यायची आणि सगळ्यांच्या सुया पिशवीतून घेऊन जायची. एकदा डब्यातल्या एका माणसाने तिची पिशवी उघडून पाहिली आणि आरडाओरडा केला. तिला मधल्याच स्टेशनवर ढकलून उतरवलं. त्यानंतर ती यायची बंद झाली.

सुट्टीच्या दिवशी मी स्वतः पर्समधून थोड्या सुया नेऊन दिल्या. ते वर कळलं आणि मला समज मिळाली, पुन्हा केलंत तर केंद्रही धोक्यात येईल. मी थांबले. त्या पावसाळ्यात नाक्यावर एका सुईवर दोघी-तिघी भागवू लागल्या. पुतळी गरम पाण्याने धुऊन घ्यायची. तेवढ्याने काही होत नाही हे तिला माझ्यामुळेच ठाऊक होतं, तरी धुवायची.

होळीनंतर मी तिला हाताला धरून रोह्याला तपासणीसाठी आणली. निकाल हातात आला तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नापास का गो?" तिने विचारलं.

मला इतका राग आला होता की रडूही येत नव्हतं. गोळ्या सरकार फुकट देतं, रोज घेतल्या तर माणूस म्हातारं होईपर्यंत जगतं, हे सगळं मी तिला सांगितलं, शंभर जणांना सांगितलंय तसंच. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "नमितेला पण बघ. तिची नि माजी सुई एकच हुती." नमिताचा निकालही तसाच आला, आणि आणखी एकीचा.

पावसाच्या आधी शौनकचा फोन आला. "वडखळ मंजूर झालं," तो म्हणाला. "गाडी परत सुरू करतायत."

"आता कशी परवडली?"

"जिथे लागण नसते तिथे एकेक लागण टाळायला फार खर्च येतो, समीक्षा. आता तिथे लागण आहे. आता तेवढ्याच सुयांत जास्त टळतील. म्हणून बसतंय हिशेबात." मग म्हणाला, "मला माफ कर." मी फोन ठेवला.

पोपटदादांनी गाडी पुसून काढली आणि आम्ही ढाब्यांमागे जाऊन उभे राहिलो. पुतळी आली. बरीच वाळली होती. आधी तिने गाडीला हात लावून पाहिला.

"परत कशी आली? सायबाला दया आली काय?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण या जागी एकदा खोटं बोलून झालं होतं. "तुमच्या तिघींच्या निकालामुळे," मी म्हणाले.

"म्हंजे माज्यामुलं?"

"व्हय."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू खुलला. तिने पदर खोचला, वळून टपरीकडे हाक दिली, "नमिते! आयकलंस काय गो? आपल्यामुलं गाडी आली! सगल्यांना बोलव!"

कितीतरी महिन्यांनी ती हसत होती. बायका यायला लागल्या तशी ती प्रत्येकीला तेच सांगत होती. मी गाडीच्या पलीकडे, तिला दिसणार नाही अशी जाऊन उभी राहिले.