ओली फुलपाखरं

सप्टेंबरात वादळ होऊन गेलं की आमच्या ईरी सरोवराच्या काठी मोनार्क फुलपाखरं वाहून येतात. दक्षिणेला निघालेली, पाणी ओलांडताना भिजून पडलेली. मेल्यासारखी दिसतात, पण ओंजळीत धरून श्वासाची ऊब दिली तर निम्मी तरी उडतात. लहानपणापासून आम्ही सगळे हे करत आलोय.

त्या सकाळी व्हर्नावहिनीबरोबर मी फुलपाखरं शोधायला गेले. माझा भाऊ ऑर्व्हल, म्हणजे तिचा नवरा, आदल्या वर्षी मासेमारीला गेला आणि ह्याच पाण्यात बुडाला. होडी सापडली, तो नाही. तेव्हापासून वहिनीला एकटं सोडायला मला भीती वाटायची.

मैलभर वाळूत एकही फुलपाखरू नव्हतं. मग दिसली ती सगळी एकाच जागी. डोकं, खांदे, पसरलेले हात, पाय. फुलपाखरांचाच उताणा झोपलेला माणूस. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, तरी मी वहिनीचा हात धरून तिला मागे ओढलं.

"लाटेनं लागलीत तशी. चल घरी, वहिनी."

"लाटेला बरं कळलं गं, त्याचा डावा खांदा पडलेला होता ते," ती म्हणाली. "बस खाली, ग्लेना. तू पायांकडून घे. एकही ठेवायचं नाही."

"आणि सगळी उडाली तर?"

"तर तो निघाला. मीही निघते त्याच्याबरोबर." बाजारात जाऊन येते म्हणावं, तसं म्हणाली.

आम्ही फुंकर घालत राहिलो. एकही मेलेलं निघेना. उडालेली मात्र दूर जात नव्हती. पाण्यावर, माणसाच्या उंचीवर, घोळका करून थांबली होती. वहिनीनं बूट काढले, मोजे घडी करून त्यात ठेवले आणि पाण्यात शिरली.

"उरलंय का गं काही?" गुडघाभर पाण्यातून तिनं विचारलं.

शेवटचं माझ्या हातात होतं. त्याचे पाय तळव्यावर हलले. ऑर्व्हलइतकी माया मी कुणावर केली नाही. मी मूठ आवळली.

"हे मेलंय, वहिनी. ये बाहेर."

ती वळली. बाहेर आली, माझी बोटं एकेक करून उलगडली आणि त्या चोळामोळ्यावर बोट टेकवलं.

"गरम आहे गं हे," ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. तीन वर्षं झाली. शेजारीच राहते. सकाळी तिच्या धुराड्यातून धूर निघाला की मगच मी चहा घेते.