तोकुइचीला बरं वाटतंय

इसोए फाटकाशी येऊन “भावोजी, हे गे—” एवढंच म्हणाली आणि रिकिझोने दोन्ही कानांत बोटं घातली.

“वहिनी, थांबा! पुढचं अक्षर काढू नका!”

“अहो, पण सकाळी हे—”

“ऐकू येत नाही मला! काही ऐकू येत नाही!” रिकिझोने डोळेही गच्च मिटून घेतले. कानांपासून वाचवलेलं डोळ्यांना कळायला नको. मग एक बोट जरासं सैल करून त्याने विचारलं, “गेले म्हणजे कुठे गेले? शेतावर?”

“अंथरुणातच आहेत.”

“मग झालं तर! घरातच आहे म्हणा की.”

समोर शिडीवर चढून सेइगो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उत्सवाचा गवती दोर बांधत होता. दोराला लटकवायचे पांढरे कागद त्याने दातांत धरले होते. “काय झालं?” तो कागदांमधून बोलला.

“काही नाही. तोकुइची घरातच आहे.”

“चार महिने तिथेच आहे की. जाणार कुठे?” सेइगो म्हणाला आणि मग त्याला इसोएचा चेहरा दिसला. तो शिडीच्या दोन पायऱ्या उतरला. थांबला. पुन्हा वर चढला आणि आधीच बांधलेली गाठ बांधायला लागला.

शनिवार होता. रविवारी देवाचा उत्सव. वाडीत घरं अकरा, त्यातल्या नऊ घरांचं आडनाव कुवाबारा. एकाचा श्वास थांबला की नऊ घरांना सुतक, आणि सुतकातल्या माणसाने देवळाच्या कमानीखालूनही जायचं नाही, मग पालखीला खांदा देणं लांबच. परवाच्या वर्षी डोंगर खचला म्हणून उत्सव राहिला. गेल्या वर्षी चार दिवस आधी रिकिझोची आई गेली. एकशेएक वर्षं थांबलेल्या म्हातारीला चार दिवस थांबवेना, याबद्दल रिकिझो अजून घरोघर माफी मागत असतो. यंदाही पालखी निघाली नाही तर देव खाली शहरातल्या देवळात हलवायचा, असं तिथून पत्र आलं होतं. तिथे आधीच सहा गावांचे देव एका कपाटात दाटीवाटीने राहत होते.

पत्र आलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडला तो तोकुइची, अंथरुणातून. “रविवार संपेपर्यंत मरत नाही! शब्द देतो!” त्याने पायाशी कॅलेंडर लावून घेतलं आणि रोज सकाळी इसोएकडून एक एक दिवस खोडून घ्यायला लागला. शनिवार खोडायचा राहिला. पेजेचा दुसरा चमचा तोंडात असताना तो थांबला. उभ्या जन्मात दिलेला शब्द त्याने पहिल्यांदा मोडला, तोही चाळीस तासांच्या फरकाने.

“मला दुसरं काही नको, सेइगो,” इसोए वर बघत म्हणाली. “आमच्या देवाच्या फळीवर कागद लाव. तेवढा लाव आणि जा.”

घरात माणूस गेला की देवाच्या फळीवर पांढरा कागद चिकटवतात. देवाला मरण दिसू नये. तो घरच्यांनी लावायचा नसतो, त्यांचे हात विटाळलेले. परक्याने लावायचा. वाडीत परकी घरं दोन. एकाला सात वर्षं कुलूप होतं, दुसऱ्यात सेइगो राहायचा.

“कागद लावला म्हणजे मला कळलं ना, काकी,” सेइगो दोराकडे बघत म्हणाला. “कळलं की बाटलो. मग उद्या ट्रक कोण चालवणार?”

पालखीला सोळा खांदे लागायचे. उरली होती सात माणसं, आणि त्यांचे गुडघे मोजले तर पाचच. त्यामुळे देव सेइगोच्या भाजीच्या ट्रकमधून फिरायचा आणि प्रत्येक घरासमोर दहा पावलांपुरता खांद्यावर यायचा.

“देव वरून बघतोय रे. हे बरोब्बर फळीखाली पडलेत.”

“मग तोंड फिरवून ठेवा,” रिकिझो म्हणाला. कुणाचं, ते बोलला नाही.

दुपारी सेइगोने थर्माकोलचा एक खोका बांबूच्या टोकाला अडकवून फाटकावरून आत सोडला. नैवेद्याच्या माशाखालचा बर्फ होता. गडबडीत मासा आतच राहिला. इसोए तो उचलून द्यायला गेली तर रिकिझो किंचाळला, “हात नका लावू! बाटेल!” मग बांबूने मासा बाहेर काढायचा खटाटोप पाऊण तास चालला. मासा तीनदा मातीत पडला. इसोए दोन्ही हात पाठीमागे धरून बघत राहिली.

“तोकुइचीला ताप असेल,” मासा झटकता झटकता रिकिझो म्हणाला. “बर्फाने उतरेल.”

“ताप नाही. गार पडलेत.”

“बघा, उतरलासुद्धा! आणि वहिनी, रडायचं नाही. रडण्यासारखं झालंय काय? कुणी विचारलं तर म्हणायचं, आज बरं वाटतंय, भात खाल्ला. म्हणून दाखवा.”

इसोएने बर्फाचा खोका उचलला.

“म्हणा की. तो काय म्हणाला असता? देवासाठी म्हणा.”

“आज बरं वाटतंय,” इसोए म्हणाली. “भात खाल्ला.”

“थोडं हसून.”

ती आत गेली. स्टुलावर चढून तिने फळीकडे हात नेला. चोपन्न वर्षं रोज सकाळी इथे मीठ, तांदूळ आणि पाणी ठेवणारा हात. सकाळी याच हाताने तिने त्याचे डोळे मिटले होते. तिने हात मागे घेतला, पदर नव्हता म्हणून स्वतःच्याच पोटावर पुसला, आणि खाली उतरून गादीची दोन टोकं धरली. देवाला झाकता येत नसेल तर याला तरी हलवू. तोकुइची एके काळी पालखीचा पुढचा दांडा एकटा पेलायचा. आजारात निम्मा झाला होता तरी इसोएला जड होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गादी अडकली. ना पुढे, ना मागे. कमरेपर्यंतचा तोकुइची चुलीपाशी, पाय देवाच्या खोलीत. ती तिथेच, उंबऱ्याच्या अलीकडे बसली. संध्याकाळी उठून तिने भात लावला. दोघांचा.

रविवारी मिनाबे गुरुजी छोट्या पांढऱ्या गाडीतून आले. एकोणीस गावांचे देव त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होते, त्यामुळे मंत्र ते जरा भरभर म्हणायचे. पालखी नऊ घरं फिरून तोकुइचीच्या फाटकाशी आली. प्रत्येक घरची बाई तबकात साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि मीठ घेऊन बाहेर उभी होती. इथे कुणी नव्हतं. दार बंद होतं, आणि दाराच्या फटीतून उदबत्तीचा धूर येत होता. वाडीत उदबत्ती मेलेल्यापुढेच लावतात.

गुरुजींनी नाक वर केलं.

“डासांची आहे,” सेइगो ट्रकच्या खिडकीतून म्हणाला.

“या थंडीत?”

“आमच्याकडचे डास गुरुजी, लोकर घालून येतात.”

“आणि तोकुइचीकाका?”

“मजेत!” पालखीखालून रिकिझो म्हणाला. “थोडा अबोल झालाय, बाकी मजेत.”

तेवढ्यात घरातून, कुणी हाक मारली नसताना, इसोएचा आवाज आला. स्वच्छ, मोठा, थोडा हसरा.

“आज बरं वाटतंय! भात खाल्ला!”

रिकिझोने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की देव एका बाजूला कलंडला आणि त्याला सावरताना दोघांच्या पाठीत उसण भरली.

गुरुजींनी दाराकडे बघितलं. “यंदा माझ्या एकोणीस गावांत उत्सवाच्या आठवड्यात एकही माणूस गेला नाही,” ते म्हणाले. “देवाची कृपा आहे. सोमवारी मात्र मला फोनवर फोन येतात.” मग ते फाटकासमोर वाकले, इतर घरांपुढे वाकले होते त्याहून जरा जास्त वेळ, आणि म्हणाले, “चला, पालखी पुढे घ्या.”

देव वाडीतच राहिला. रात्रीच्या आत शहराला तसा फोनही गेला.

सोमवारी सकाळी आठ वाजता सातजण काळे कपडे घालून फाटकाशी आले. रिकिझो घरूनच रडत निघाला होता. दोन दिवसांचं साचलेलं होतं. तोकुइची त्याचा चुलतभाऊ, दोघांनी लहानपणी एकाच ओढ्यात एकमेकांना बुडवलं होतं. सेइगोच्या एका हातात पांढरा कागद होता, दुसऱ्यात खळीची वाटी.

इसोए दारात आली. केस नीट विंचरलेले, ॲप्रन बांधलेला.

“अगं बाई, इतके सगळे? कुणी गेलं की काय?”

रिकिझोने डोळे पुसले.

“वहिनी,” रिकिझो म्हणाला, “आता मोकळेपणाने सांगा. काही हरकत नाही.”

“कशाचं?”

“तोकुइचीचं.”

“आज बरं वाटतंय,” इसोए म्हणाली. “भात खाल्ला.”

“काकी, देव देवळात गेला, कुलूप लागलं,” सेइगो पुढे झाला. “मी कागद लावतो. आत येऊ दे मला.”

“घरचा माणूस घरात असताना कागद? अभद्र बोलू नकोस रे.”

“मी चुकलो, काकी.”

“तुझं काय चुकलं? तुला ट्रक चालवायचा होता.” ती हसली. शिकवलं होतं तेवढंच.

रिकिझोने फाटक दोन्ही हातांनी धरलं. “वहिनी, ऐका माझं. उत्सव झाला. आता… आता तो गेला तरी चालेल.”

इसोएने मान जराशी तिरकी केली.

“असं होय,” ती म्हणाली. “चालेल ना? नक्की? मग थांबा हं, त्यांना विचारून येते.”

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज आला, हलका, काहीतरी विचारल्यासारखा. मग काहीच नाही. ती उत्तरासाठी थांबली असावी. फाटकाबाहेर सातजण त्याच उत्तरासाठी थांबले, आणि सेइगोच्या वाटीतल्या खळीवर हळूहळू साय धरत गेली.