गौरीशंकर हलायचा न्हाई

माझं नाव धर्मराज, पण राग कायम नाकावर. पुराणातला धर्मराज हिमालय चढून गेला म्हणतात. मी राजूरच्या गणपतीची टेकडी चढताना दोन ठिकाणी बूड टेकतो. अन् चौथीच्या पोरांना हिमालय शिकवायचं काम सरकारनं माझ्याच गळ्यात मारलं. नकाशा मागितला तर तालुक्याहून उत्तर काय, तर येईल. पिंपळगाव रेणुकाईत शाळा निघून पाच वर्षं झाली, नकाशा अजून येऊनच राह्यलाय.

त्यात त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं फिरलेलं. कारण रखमाजी. आदल्या संध्याकाळी पारावर त्यानं मला गाठलं होतं.

"मास्तर, उद्या आमच्या द्वारकीचं नाव शाळेतून काढा. ताडमाड झाली पोरगी. बारक्या लेकरांत बसती, लोक हसून राह्यले."

"हसू द्या की! दात त्यांचेच दिसतेत."

"न्हाई. बिलकुल न्हाई. उद्या येतो अन् घेऊन जातो."

आता शाळाच उशिरा निघाली, त्यात पोरीचा काय गुन्हा? द्वारका हुशार, पाढे सगळे तोंडपाठ. पण उंचीची अशी लाज वाटायची तिला, की खांदे पाडून, मान घालून चालायची. मला ते बघवत नव्हतं.

"गुरुजी, हिमालय म्हंजी केवढा?" मदनलालनं विचारलं. जेठमल शेठचा हा धाकटा, पुढचे दोन दात पडलेले. "राजूरच्या टेकडीएवढा?"

"टेकडीवर टेकडी, तिच्यावर टेकडी, अशा रचत जा. दमलास की सांग मला."

"मंग गणपती कोणत्या टेकडीवर ठेवायचा?"

"उठा! सगळे पटांगणात चला!"

नकाशा नसंना का, पोरं तर होती. उत्तरेच्या फाटकाकडं पाठ करून मी त्यांच्या तीन ओळी लावल्या. पुढं सगळ्यात बुटकी, ते शिवालिक डोंगर. मधे मधली. मागं उंच, ती बर्फाची शिखरं, एकेकाला एकेका शिखराचं नाव दिलं. बर्फ म्हणजे आपल्या गाराच, पण बारा महिने न वितळणाऱ्या. विहिरीचा नाडा आणून ओळींमधून खाली सोडला, ती गंगा. लगेच नंदादेवी अन् कांचनगंगेची मारामारी लागली, कोणाचा पाय कोणावर पडला म्हणून. अन् मदनलाल हटून बसला, "मी गौरीशंकर!" एव्हरेस्टला तेव्हा आम्ही गौरीशंकरच म्हणायचो.

"तू? तोंड उघड. बघा रे, केवढी फट आहे मधे! तू खैबर खिंड. जा, त्या पश्चिमेच्या टोकाला उभा राहा."

बाहेरून येणारा जो तो आपल्यातूनच येतो हे कळल्यावर गडी एकदम खूश झाला.

मग गौरीशंकर कोण? सगळ्यांच्या माना द्वारकेकडं वळल्या. ती लाजून आणखीच वाकली.

"वाकू नको!" मी खेकसलो. "तू वाकलीस तर तिकडचा गार वारा थेट आपल्या गावात. अन् समुद्राकडून आलेले ढग तुझ्या डोक्यावरून पसार! तू अडवतेस म्हणून पाऊस आपल्याकडं राहतो, कळलं?"

ती हळूहळू सरळ झाली. काय उंच दिसली पोरगी! मला फार बरं वाटलं. पोरं नुसती बघत राहिली, हसलं कोणीच नाही.

तेवढ्यात मागच्या फाटकातून रखमाजी आला.

"द्वारके, चल घरी."

"हलायचं न्हाई!" मी ओरडलो. पोरांनी पटापट एकमेकांचे हात धरले.

"काय तमाशा लावला हो मास्तर?" रखमाजी तरातरा माझ्याकडं यायला निघाला, पण हिमालय काही वाट देईना.

"काका, हिकडून या!" खैबर खिंडीनं हाक मारली. "बाकी बंद हाय. माझ्यातूनच यावं लागतंय."

अन् भला माणूस खरंच वळसा घालून तिथून आला! पोरं खिदळली. रखमाजी लालबुंद होऊन लेकीसमोर उभा राहिला. "चल म्हणलं ना? जल्दी!"

"आबा," द्वारका म्हणाली, "मी हलले तर पाऊस निघून जाईल."

मागच्या साली पावसानं दगा दिल्ता. रखमाजी थबकला.

"कोण म्हणतं?"

"गुरुजी."

"खरं का मास्तर?"

"रेणुकाईची शपथ. हिमालय हाय म्हणून पाऊस हाय."

त्यानं लेकीकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिच्या डोळ्याला डोळा द्यायला त्याला मान वर करावी लागली.

"लई मोठा असतो का हा गौरीशंकर?"

"दुनियेत त्याच्याहून उंच काहीच न्हाई."

द्वारकेचे डोळे भरून आले अन् तिनं मान खाली घातली. माझा राग कुठल्या कुठं गेला, नुसती भीती उरली. हळूच विचारलं, "मंग, काढू का नाव?"

"येड लागलं का मास्तर?" रखमाजी गरजला. "गावाचा पाऊस घालवता का?" अन् मग लेकीकडं वळला. "आन् तू काय खाली बघून राह्यली? मुंडी वर कर!"